हिमेजीच्या किल्ल्यातला पश्चिमेचा खांब

जपानमधल्या हिमेजी शहराच्या किल्ल्यात मुख्य मनोऱ्याच्या दारातच बूट काढून पिशवीत घालायचे आणि ती पिशवी हातात धरून सहा मजले चढायचे. जिने लाकडी आणि इतके उभे, की आजीच्या मागे घरातलं कुणीतरी हवंच. ओसाकाच्या किल्ल्याचा मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलेला, तिथे लिफ्ट आहे. हिमेजीत लिफ्ट नाही, कारण हा मनोरा अस्सल आहे. असे जुने मनोरे जपानभरात १२च उरलेत.

इथली पहिली गढी १३३३ सालची मानतात. पुढे सोळाव्या शतकात हिदेयोशी या सेनानीने तीन मजली मनोरा चढवला. आज दिसतो तो किल्ला मात्र इकेदा तेरुमासा या सरदाराचा. १६००च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर तिचा विजेता तोकुगावा इएयासू याने आपल्या या जावयाला हिमेजी दिली आणि १६०९पर्यंत नवा मनोरा उभा राहिला. भिंतींना दिलेला जाड चुन्याचा गिलावा आगीपासून बचावासाठी होता. त्याच पांढऱ्या रंगावरून लोक याला पांढऱ्या बगळ्याचा किल्ला म्हणू लागले. तटात गोल, त्रिकोणी, चौकोनी जंग्या, म्हणजे बाण-गोळ्या मारायची भोकं, आहेत. मुलं त्यांतून डोकावल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

लढाईपेक्षा शांततेनेच किल्ल्याचा जीव जास्त टांगणीला लावला. १८७१ साली सरंजामी संस्थानं बरखास्त झाली, ठिकठिकाणचे किल्ले पाडले जाऊ लागले. हिमेजीचा तर २३ येन ५० सेनला (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) लिलाव झाल्याचं सांगतात. पाडायचा खर्चच परवडेना म्हणून तो उभा राहिला. १८७८ साली नाकामुरा शिगेतो या लष्करी अधिकाऱ्याने जतनासाठी अर्ज केला, तेव्हा कुठे सरकारने लक्ष घातलं. जुलै १९४५मध्ये बाँबहल्ल्यात शहर जळून गेलं. मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावरही एक आगबाँब पडला होता. तो फुटला नाही.

तरी मनोरा स्वतःच्याच वजनाने आग्नेयेकडे कलला होता. १९५६ साली तो पूर्ण उतरवायला घेतला आणि तुकडा तुकडा जोडत १९६४पर्यंत पुन्हा उभा केला. तळघरापासून थेट वरपर्यंत जाणारे जवळजवळ २५ मीटरचे दोन खांब हा सगळा डोलारा पेलतात. पूर्वेचा दुरुस्त करून ठेवता आला, पश्चिमेचा कुजला होता. त्याच्या जागी किसो भागातल्या जंगलातलं हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं, झाड निवडलं, तर ते आणताना मोडलं. मग दुसरं खोड जवळच्या कासागाता देवस्थानातून आणलं आणि दोन्ही तिसऱ्या मजल्यापाशी सांधली.

१९९३ साली किल्ला जागतिक वारसा ठरला. त्यानंतर २००९ ते २०१५ छप्पर आणि गिलाव्याचं काम पुन्हा झालं. तिसऱ्या मजल्यावर गर्दी असते, पण मुलांना तिथे थांबवाच आणि तो सांधा शोधायला सांगा.