श्रावणाचा तिसरा दिवस

मामा हवेत लेथ चालवत होता. नाशिकच्या सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात पलंगावर बसून उजव्या हातानं नसलेलं हँडल फिरवायचा, डाव्या हातानं जॉब चाचपायचा, मध्येच वाकून फुंकर मारून लोखंडाचा कीस उडवायचा. सातपूरच्या कारखान्यात बावीस वर्षं केलेलं काम हात आपोआप करत होते. मग तो एकदम थांबायचा आणि चादरीवरच्या मुंग्या झटकायला लागायचा. चादरीवर एकही मुंगी नव्हती.

श्रावणाचा तिसरा दिवस होता तो. गटारीच्या रात्री शेवटचा पेग रिकामा करून मामानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला होता, ‘आता सुटली म्हणून समजा’. श्रावण तो दरवर्षी पाळायचा. ‘मनात आणलं तर कधीही सोडेन, श्रावणात सोडतोच ना?’ हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि आम्हा सगळ्यांना ते पटायचं. फरक एवढाच, की त्या वर्षी मामा सकाळची घ्यायला लागला होता. त्याकडे आम्ही कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

सोडल्यावर पहिल्या दिवशी हात थरथरले, कपबशी धरवेना. दुसऱ्या दिवशी झोप नाही, घामानं बनियन चिंब. तिसऱ्या दिवशी मुंग्या. शेजारच्या आजी म्हणाल्या, बाहेरचं आहे, अमावस्येला कुठून आले होते विचारा. कुणीतरी लिंबू आणायला पळालं. नशीब, मामीनं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनाही बोलावलं. त्यांनी दारातूनच मामाकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘ताई, शेवटची कधी घेतली होती?’ मग म्हणाले, ‘रिक्षा बोलवा. आत्ता दवाखान्यात न्यायचं.’

मी शाळेत विज्ञान शिकवतो. दारूनं माणूस मरतो हे मुलांना सांगत आलो होतो. दारू एकाएकी सोडल्यानंही मरू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आपल्या मेंदूत दोन रसायनांचा कायम तोल सांभाळलेला असतो. ग्लुटामेट पेशींना चेतवतं, गाबा त्यांना शांत करतं. कसारा घाट उतरणाऱ्या ट्रकचे अॅक्सिलरेटर आणि ब्रेकच म्हणा. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते, म्हणून दोन घोटांनंतर अंग सैल पडतं, जीभ मोकळी होते. पण मेंदू गप्प बसत नाही. रोज कुणी बाहेरून ब्रेक दाबून धरतंय म्हटल्यावर तो स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि अॅक्सिलरेटर वाढवून ठेवतो. पूर्वी नाईंटीत व्हायचं ते आता क्वार्टरशिवाय होत नाही, ते ह्यामुळे. आणि एक दिवस शपथेपोटी बाहेरचा ब्रेक एकदम काढून घेतला, की उरतो तो ढिला ब्रेक आणि तळाला दाबलेला अॅक्सिलरेटर. घाटात.

पुढच्या गोष्टी साधारण वेळापत्रकानं होतात. सहा-आठ तासांत थरथर, मळमळ, बेचैनी. दोन दिवसांच्या आत काहींना फिट येते. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, म्हणजे नेमका तिसरा-चौथा दिवस, थोड्या लोकांना ती अवस्था येते जिला डॉक्टर ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. माणसाला जागेचं, वेळेचं भान राहत नाही, किडे-मुंग्या, साप दिसतात, ताप चढतो, छातीत धडधडतं. हातांनी आपलं रोजचं काम करत राहणं हेही त्यातलंच एक ओळखीचं लक्षण, शिंपी हवेत शिवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण ह्यातून सुखरूप बाहेर येतात. लिंबू उतरवण्यात रात्र गेली तर काही जण येत नाहीत.

उपचार तसे साधे आहेत. दारूसारखाच गाबाला हात देणारी गोळी द्यायची आणि काही दिवसांत ती पायरीपायरीनं कमी करायची, म्हणजे मेंदूला स्वतःचा ब्रेक पुन्हा घट्ट करायला अवधी मिळतो. सोबत जीवनसत्त्व ब-१, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन. दारू पोट भरल्यासारखं करते, पण तिच्यात जीवनसत्त्वं नसतात, आणि आतड्यातून थायमिन शोषलं जाण्यातही ती आडवी येते. ग्लुकोज जाळायला मेंदूला थायमिन लागतं. म्हणून ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावा’ हा आपला आवडता हट्ट इथे घातक ठरू शकतो. थायमिनच्या आधी ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तशी इजा झालेला माणूस जुनं सगळं सांगतो, पण सकाळी कोण भेटून गेलं ते त्याला दुपारी आठवत नाही. तेव्हा डॉक्टरांना दारूबद्दल खरं सांगा. लाज बाजूला ठेवा.

थोडा हिशेबही करून ठेवावा. नेहमीच्या व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४०. वाईनच्या एका ग्लासात १५ च्या आसपास. आपल्या नाशकात वाईन म्हणजे दारू नव्हेच असं मानणारे पुष्कळ आहेत, पण रेणू तोच. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं. म्हणजे रात्री अकराला संपवलेली क्वार्टर सकाळी पाच-सहाच्या आधी रक्तातून जात नाही. रोज क्वार्टरच्या वर घेणाऱ्या, किंवा सकाळी घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत अशा माणसानं घरच्या घरी, एकाएकी सोडू नये. पूर्वी कधी फिट आली असेल तर अजिबात नाही.

मामा अकराव्या दिवशी घरी आला. चेहऱ्यावर तेज, भूक सपाटून. रक्तात दारूचा थेंब नाही, थरथर नाही. आम्हाला वाटलं, जिंकलो. दीड महिन्यानं पगाराच्या दिवशी तो पिऊन आला आणि मामीनं ताट भिंतीवर फेकलं. ‘आता तर अंगात काही नव्हतं ना? मग का?’

ह्या ‘का’चं उत्तर माकडांवरच्या प्रयोगात सापडतं. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्त्झ ह्या शास्त्रज्ञानं माकडांना फळांचा रस दिला आणि त्यांच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी काय करतात ते पाहिलं. सुरुवातीला रस मिळाला की पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी दिवा लागल्याबरोबर उसळायला लागल्या, रस मिळाल्यावर शांत. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही मंदावल्या. डोपामाइनला आपण सुखाचं रसायन म्हणतो, ते अर्धवट आहे. ते ओढीचं रसायन आहे. ‘येणार, आता येणार’ असं सांगणारं.

मामाचे दिवे कुठले होते? शिफ्ट सुटल्याचा भोंगा. लिंक रोडवरचा परमिट रूमचा फलक. पगाराचा मेसेज. संध्याकाळचे सात. ह्यातलं काहीही दवाखान्यात नव्हतं, म्हणून तिथे तल्लफ आली नाही. आणि ती बाहेर त्याची वाट पाहत होती. अशा क्षणी कपाळामागचा, पुढचामागचा विचार करणारा भाग तोकडा पडतो. लेकीच्या डोक्यावर हात ठेवताना मामा खोटं बोलत नव्हता, हे मला आता छातीठोकपणे सांगावंसं वाटतं. शपथ घेतली होती मेंदूच्या एका भागानं, आणि दिवा पेटल्यावर धावला दुसराच.

एमडीचं, म्हणजे मेफेड्रोन ह्या अमली पदार्थाचं, गणित दारूहून वाईट. ते डोपामाइनचा लोंढाच सोडतं आणि लवकर उतरतं, म्हणून एका बैठकीत पुन्हा पुन्हा घेतलं जातं. २०१५ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, तरी २०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात ते बनवणारा कारखाना उघडकीला आला, तेव्हा शहर हादरलं. विचार करणारा तो पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडतच असतो, त्यामुळे सतरा-अठराच्या पोरांना धोका जास्त. पकडले जाऊ ह्या भीतीनं पालक दवाखान्यात जायचं टाळतात. त्यांना माहीत असावं, की त्या कायद्यातलं ६४अ हे कलम थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यात अडकलेल्या आणि स्वेच्छेनं उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं.

दिवे बदलले तर काय होतं, ह्याचा मोठा दाखला व्हिएतनामचा. तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास पाचातला एक हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेला होता. १९७१ मध्ये परतलेल्यांचा ली रॉबिन्स ह्या संशोधिकेनं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षात त्या व्यसनींपैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. पदार्थ तोच, माणूस तोच, पण जंगल, बंदूक, सोबती, कंटाळा, सगळं मागे राहिलेलं.

मला तर ह्यात माळ दिसते. निफाडकडच्या आमच्या गावात माळ घालून दारू सुटलेली माणसं मी लहानपणापासून पाहतोय. पूर्वी वाटायचं, देवाचा धाक. आता वाटतं, माळ माणसाची संध्याकाळ बदलते. ज्या वेळेला गुत्त्याकडे पाय वळायचे त्या वेळेला हरिपाठ. ज्यांच्यासोबत बसायचं ती माणसं वेगळी. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरची वाट, आणि ‘माळकरी’ ही नवी ओळख. एका क्षणाच्या शपथेत ह्यातलं काही नसतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ पासून मिटिंगांमधून जवळपास हेच करत आली आहे. फक्त रोज भरपूर पिणाऱ्यानं माळेच्या आधी डॉक्टर गाठावा, तिसऱ्या दिवसासाठी.

एका गोष्टीवर मात्र माझा राग आहे. बसच्या सीटमागे, विजेच्या खांबावर कागद चिकटवलेले असतात, ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’. मामीनंही तसली पुडी आणली होती. अशा पुड्यांत काय असतं ते कुणी सांगत नाही. कधी घरचेच ओळखीच्या दुकानातून डायसल्फिरामची गोळी आणून डाळीत कालवतात. दारूविरुद्ध ह्या औषधाचा उपयोग १९४८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी मांडला. दारूचं शरीरात आधी अॅसिटाल्डिहाइड होतं, हे विषारी, आणि पुढे त्याचं निरुपद्रवी अॅसिटेट. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं. मग दारू घेतली की विष साठतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे माहीत आहे तो गोळी घेतल्यावर दारूपासून लांब राहतो, म्हणूनच औषध काम करतं. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखा पितो, आणि हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीनं घेतलं तर हे चांगलं औषध आहे. तल्लफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट अशी औषधंही आहेत. मामाला त्यातलंच एक लागू पडलं.

आणि मामी शिकली. कारखान्यात फोन करून ‘ह्यांना ताप आहे’ सांगणं तिनं बंद केलं. उधारी फेडणं बंद केलं. पिऊन आल्यावर भांडणं बंद, जे बोलायचं ते सकाळी, चहा घेताना. ‘अहो, परवा तुम्ही पोरीच्या गणिताला बसलात, तिला फार बरं वाटलं’ एवढंच. घरच्यांना असं वागायला शिकवण्याची एक पद्धत आहे. १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात ती शिकलेल्या कुटुंबांपैकी ६४ टक्क्यांच्या घरचा उपचार नाकारणारा माणूस उपचाराला तयार झाला. सगळ्यांनी घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं.

तरी उपचारापर्यंत पोचणारे फार थोडे. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळाला होता. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाता येतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसची हेल्पलाइन, दोन्ही मोफत.

मामा त्यानंतर आणखी दोनदा घसरला. दुसऱ्या खेपेला त्यानं स्वतःच डॉक्टरांना फोन केला. आता तो कामावरून मायको सर्कलमार्गे लांबच्या रस्त्यानं घरी येतो. तल्लफ लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा, असं त्याला समुपदेशकानं सांगितलंय. म्हणून संध्याकाळी सातला माझा फोन वाजतो. ‘भाचेबुवा, सात वाजले.’ काल आम्ही लासलगावच्या कांद्याच्या भावावर बावीस मिनिटं बोललो.