इंजिन हवा, इंधन आणि कूलंट आत कसे घेते?

हवा, इंधन आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) या तिन्ही गोष्टी इंजिनात पोहोचतात त्या दाबातील फरकामुळे. जिथे दाब जास्त तिथून त्या कमी दाबाकडे जातात. शाळेत शिकलेला हा नियम सर्वांनाच ठाऊक असतो, परंतु त्यातून निघणारी एक गोष्ट गाडीत बिघाड झाल्यावर हमखास विसरली जाते. ज्या नळीच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, ती नळी चिरली तर तिच्यातून काहीही ठिबकत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. जमिनीवर डाग पडत नाही, वास येत नाही आणि त्रास मात्र वाढत जातो. हे माहितीपत्रक मुख्यतः अशा न दिसणाऱ्या गळतीविषयी आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना पिस्टन खाली सरकतो, सिलिंडरमधली जागा वाढून दाब उतरतो आणि समुद्रसपाटीला सुमारे १ बार असलेला वातावरणाचा दाब एअर फिल्टरमधून हवा आत ढकलतो. इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल, तर पिस्टनच्या या एका खेपेला सेकंदाचा शंभरावा भागच मिळतो. एवढ्या वेळात सिलिंडर भरायचा असल्याने चोंदलेला फिल्टर विशेषतः चढावर आणि जास्त वेगाला जाणवतो.

पेट्रोल इंजिनात या वाटेवर थ्रॉटल, म्हणजे हवा कमी-जास्त आत सोडणारा पडदा, असतो. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना तो जवळजवळ बंद राहतो आणि त्याच्या पुढच्या इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधला) दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत उतरतो. मॅनिफोल्डचे गॅस्केट (सांध्यातली सीलबंद करणारी पट्टी) खराब झाले असेल किंवा एखादी व्हॅक्यूमची नळी तडकली असेल, तर हवा सर्वांत जोरात आत शिरते ती याच वेळी. ही हवा फिल्टरमधून आलेली नसते आणि ज्या इंजिनात एअर फ्लो सेन्सर असतो तिथे ती मोजलीही जात नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, आरपीएम वर-खाली होतो, आणि वेग घेतला की तक्रार नाहीशी होते, कारण थ्रॉटल उघडल्यावर आतल्या-बाहेरच्या दाबातला फरकच कमी होतो. गाडी तपासायला आणताना ‘उभी असताना होते, चालताना होत नाही’ एवढे सांगितलेत, तरी आमचे अर्धे काम झालेले असते.

टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) असलेल्या इंजिनात टर्बोच्या पुढच्या पाइपात जोर लागताना दाब वातावरणापेक्षा जास्त असतो, म्हणून तिथला सैल क्लॅम्प हवा बाहेर टाकतो: फुसफुस ऐकू येते आणि पिकअप पडतो. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधली नळी फाटली तर आवाज फारसा होत नाही, पण धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर आणि पुढे सिलिंडरमध्ये जाते. आमच्या मते ही फाटलेली नळी अधिक महागात पडते.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे जवळपास ९,००० लिटर हवा. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब उतरतो आणि फ्लोट चेंबरमधले पेट्रोल जेटमधून वर येते. इंजेक्शनच्या गाडीत बहुधा टाकीतलाच विजेचा पंप पेट्रोल पुढे ढकलतो. हा पंप सभोवतालच्या पेट्रोलमुळे थंड राहतो, म्हणून टाकी सतत तळाला ठेवून गाडी चालवू नये.

डिझेलचा फीड पंप अनेक इंजिनांत टाकीत नसून इंजिनाजवळ असतो. अशा वेळी टाकीपासून पंपापर्यंतच्या सगळ्या लाइनमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तिथला एखादा वॉशर कडक झाला की डिझेल गळत नाही, पण लाइन हवा पकडते. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. हॅन्ड पंप मारून हवा काढली की काम तात्पुरते भागते. त्यामुळेच जोड शोधण्याचे काम पुढे ढकलले जाते, ते ढकलू नये.

कूलंट इंजिनात फिरवतो वॉटर पंप. थंड इंजिनात थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि सामान्यतः ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास ती उघडू लागतो. तापल्यावर कूलंट फुगतो, रेडिएटरच्या कॅपमधली स्प्रिंग उचलली जाते आणि जादा कूलंट बाजूच्या बाटलीत जातो. इंजिन निवताना तो आकसतो, रेडिएटरमधला दाब उतरतो आणि कॅपमधल्या दुसऱ्या छोट्या व्हॉल्व्हमधून बाटलीतला कूलंट परत आत येतो. हा छोटा व्हॉल्व्ह अडकला, तर थंड झालेल्या गाडीत रेडिएटरचा रबरी होज चपटा झालेला दिसतो. बाटलीकडे जाणारी बारीक नळी तडकली, तर कूलंटऐवजी हवा आत जाते. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असा प्रकार होतो. म्हणून ज्या गाडीत रेडिएटरलाच कॅप असते, तिथे केवळ बाटलीतली पातळी पाहून निर्धास्त राहू नये. मात्र कॅप उघडायची ती इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, कारण दाबाखालचा कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही आणि कॅप सैल करताच उसळून अंगावर येतो.