गिंग्रिच यांच्याआधीची काँग्रेस सभ्य होती?

अमेरिकी काँग्रेसमधील, म्हणजे तिथल्या संसदेतील, निष्ठुर पक्षीय वैर १९९४च्या निवडणुकीतून रिपब्लिकन पक्षाचे नेते न्यूट गिंग्रिच यांनी जन्माला घातले, हा समज अर्धवट आहे. गुलामगिरीविरोधी भाषणाचा राग धरून १८५६मध्ये प्रतिनिधीगृहाचे सदस्य प्रेस्टन ब्रूक्स यांनी सिनेटर चार्ल्स सम्नर यांना सिनेटच्या सभागृहातच छडीने बेशुद्ध होईपर्यंत मारले होते, आणि समर्थकांनी ब्रूक्स यांना नव्या छड्या भेट पाठवल्या! विसाव्या शतकाच्या मध्यावर सलोखा दिसला, कारण दक्षिणेतील वंशभेदाचे पाठीराखे आणि उत्तरेतील उदारमतवादी एकाच डेमोक्रॅटिक पक्षात नांदत होते; त्यामुळे मतभेद पक्षांच्या सीमेवरच विभागले जात नव्हते. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर ही सरमिसळ हळूहळू संपत गेली. गिंग्रिच यांनी या दुफळीला धार लावली, हे मात्र खरे. १९७९पासून कामकाज दूरचित्रवाणीवर दिसू लागल्यावर ते रिकाम्या सभागृहातून, कॅमेऱ्यासाठी, विरोधकांवर तुटून पडत.