मैलाशुद्धीकरण केंद्राशेजारची घरे आणि पहाटेची हवा

विठ्ठलवाडी, एरंडवणे, बोपोडी, नायडू, भैरोबा, मुंढवा, खराडी ही पुण्यातील मैलाशुद्धीकरण केंद्रांची नावे ओळीने वाचली, तरी नद्यांची वाट डोळ्यांसमोर उभी राहते. मैलापाणी शक्यतो पंपाविना उताराने वाहावे म्हणून मुख्य वाहिन्या नदीनाल्यांच्या काठाने टाकतात आणि केंद्र सखल जागी बांधतात. त्याच काठांवर आज नदीचे दृश्य दाखवून सदनिका विकल्या जातात. शिवाय ‘जायका’ या जपानी संस्थेशी २०१६ मध्ये झालेल्या कर्ज करारानुसार दररोज एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ नवी केंद्रे शहराच्या वाट्याला आली आहेत. तेव्हा घरे आणि केंद्रे शेजारी येणार हे उघड आहे, आणि मधले अंतर कशाच्या आधारे ठरवायचे, हे बांधकामाचा नकाशा मंजूर होण्यापूर्वीच पाहायला हवे.

दुर्गंधीची सुरुवात बहुधा केंद्राच्या बाहेर, वाहिनीतच झालेली असते. मैलापाणी बंद वाहिनीत बराच काळ राहिले की त्यातील प्राणवायू संपतो आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करू लागतात. पाणी कोमट असेल तर हे काम अधिक वेगाने होते. पाण्यात विरघळलेला आहे तोवर हा वायू कोणाला कळत नाही, पण पाणी उंचावरून पडले किंवा घुसळले गेले की तो हवेत सुटतो. एका केंद्राच्या आवक कक्षापाशी, जिथे जाळीवर चिंध्या, केसांचे पुंजके आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात, मला काही मिनिटेही नीट उभे राहता आले नाही. तिथून थोड्याच अंतरावर, सतत हवा सोडल्यामुळे तपकिरी फेसाने उकळल्यासारख्या दिसणाऱ्या टाकीच्या काठावर मात्र ओल्या मातीसारखा सौम्य वास होता. म्हणून केंद्राच्या कुंपणापासून फूटपट्टी लावणे पुरेसे नाही. आवक कक्ष, प्राथमिक निवळण टाकी आणि गाळ हाताळण्याची जागा नेमकी कोणत्या बाजूला आहे, हे आधी पाहावे लागते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट हवेची आहे, आणि तिचा विचार फारच कमी होतो. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असते, रात्री वारा पडतो आणि जमीन झपाट्याने थंड होते. जमिनीलगतची थंड, जड हवा टेकड्यांच्या उतारावरून खाली ओघळते आणि नदीच्या खोलगट पात्रात साचते; तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. ज्या उताराने मैलापाणी केंद्रापर्यंत येते, त्याच उताराने ही हवाही तिथेच येऊन थांबते आणि केंद्रातून सुटलेला वास वर न जाता पात्राच्या कडेकडेने पसरतो. सूर्य वर आला की हा थर मोडतो. सॅम्पल फ्लॅट पाहायला आलेले कुटुंब दुपारी बाल्कनीत उभे राहते तेव्हा त्याला काहीच जाणवत नाही. खिडक्या लावून घेण्याची वेळ येते ती राहायला आल्यानंतर, एखाद्या थंडीच्या पहाटे.

वास मोजता येतो. हवेचा नमुना शुद्ध हवेने पातळ करत न्यायचा आणि चाचणीला बसवलेल्या माणसांपैकी निम्म्यांनाच तो जेमतेम जाणवेल, तिथे थांबायचे. त्यासाठी नमुना जितके पट पातळ करावा लागला, तितकी गंध-एकके. इंग्लंडच्या पर्यावरण यंत्रणेच्या मार्गदर्शिकेत कुजलेल्या मैलापाण्यासारख्या अतित्रासदायक वासासाठी दीड एकक ही पातळी दिली आहे आणि वर्षातील ९८ टक्के तास वास तिच्या आत राहावा, अशी अपेक्षा आहे. उरलेले दोन टक्के म्हणजे वर्षाकाठी सुमारे १७५ तास होतात. वर्षभर विखुरलेले १७५ तास कदाचित सोसता येतील, पण नदीच्या खोऱ्यात ते हिवाळ्यातील पहाटेच एकवटू शकतात, आणि तेव्हा सगळे घरीच झोपलेले असतात. माझ्या मते इथे वर्षभराच्या हिशेबाबरोबर हिवाळ्याच्या महिन्यांचा हिशेब वेगळा मांडायला हवा. त्यासाठी शिवाजीनगरच्या वेधशाळेतील वाऱ्याच्या नोंदी पुरणार नाहीत. खोऱ्यातला रात्रीचा वारा वेगळा वाहतो, तो प्रत्यक्ष जागेवर किमान वर्षभर मोजावा लागेल.

खर्च कोणी करायचा, याबाबत इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात २०१८ पासून स्पष्ट भूमिका आहे : आधीपासून चालू असलेल्या सोयीशेजारी जो नवे बांधकाम आणतो, त्रास टाळण्याची तजवीजही त्यानेच करायची. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची दुर्गंधी नियंत्रणावरील मार्गदर्शिका २००८ पासून उपलब्ध आहे. आवक कक्षावर झाकण घालून तिथली हवा जैवगाळणीतून, म्हणजे जिवाणू वाढवलेल्या लाकडी तुकड्यांच्या थरातून सोडता येते. झाडांची रांग हवी, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. झाडांमुळे वास थोडाफार विरळ होतो, नाहीसा होत नाही.

त्रासाच्या कक्षेत येणारी जमीन वाया जाते, असेही नाही. तिथे वाहनतळ, गोदाम, रस्ता, रोपवाटिका होऊ शकते. काही भाग मोकळा ठेवावा, कारण वस्ती वाढली की केंद्रालाही आणखी टाक्या बांधाव्या लागतील आणि त्यासाठी सखल जागा दुसरीकडे मिळणार नाही.