नफ्यात घाई, तोट्यात धीर

क्रिप्टोत नवीन आलेल्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात, धीर धर भाऊ. मला तो सल्ला अर्धवट वाटतो कारण धीर लोकांकडे भरपूर असतो, फक्त नको तिथे असतो. कॉइन 12 टक्के वर गेला की हात शिवशिवतात आणि विकून मोकळे, आणि तोच कॉइन 40 टक्के खाली गेला की "मी तर लॉन्ग टर्मसाठीच घेतलाय", म्हणजे सकाळी ट्रेड होता तो संध्याकाळपर्यंत इन्व्हेस्टमेंट झाला.

हे का होतं याचं बऱ्यापैकी उत्तर 1979 मध्येच मिळालंय. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, खात्रीचे 3000 घेता की 80 टक्के शक्यता असलेले 4000? 80 टक्के लोकांनी खात्रीचे 3000 घेतले. मग प्रश्न उलटा केला, 3000 नक्की जाणार की 80 टक्के शक्यतेने 4000 जाणार आणि 20 टक्के शक्यतेने काहीच नाही जाणार? आता 92 टक्के लोक जुगार खेळायला तयार! गंमत म्हणजे जुगाराची सरासरी दोन्हीकडे 3200 येते, म्हणजे नफ्यात जुगार बरा होता तर तो सोडला आणि तोट्यात तो महाग होता तर नेमका तोच घेतला.

हे झालं कागदावरचं. टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरची 10,000 खरी खाती तपासली आणि 1998 मध्ये पेपर छापला. नफ्यातले शेअर विकायचं प्रमाण तोट्यातल्यांच्या जवळपास दीडपट निघालं, आणि विकून टाकलेले शेअर पुढच्या वर्षभरात, कुरवाळत ठेवलेल्या पडेल शेअर्सपेक्षा सरासरी 3.4 टक्क्यांनी जास्त चालले. हे शेअर्सचं आहे, क्रिप्टोचं नाही, पण माणूस तोच आहे ना, उलट इथे मार्केट रात्री अडीचलाही चालू असतं.

बरं, पडलेला कॉइन धरून ठेवणं नेहमी चूकच असतं का? बिटकॉइन नोव्हेंबर 2021 मध्ये 69,000 डॉलरच्या आसपास होता, वर्षभरात 16,000 च्याही खाली आला आणि डिसेंबर 2024 मध्ये एक लाखाच्या वर गेला, तिथे धीर फळला. आता लूना हा कॉइन बघा. मे 2022 च्या सुरुवातीला साधारण 80 डॉलर, आणि आठ-दहा दिवसांत एका सेंटचाही छोटासा तुकडा. त्याची रचनाच अशी होती की यूएसटी नावाचं जोडीचं कॉइन एक डॉलरवर टिकवायला एका यूएसटीच्या बदल्यात एक डॉलरचे लूना छापून मिळायचे. यूएसटी घसरला, लोक बदलून घ्यायला धावले, लूना छापत गेले, भाव पडला की त्याच एका डॉलरला आणखी जास्त लूना छापावे लागले, असं करत 35 कोटींचे साडेसहा लाख कोटी झाले. त्या आठवड्यात 30 डॉलरला आणि मग 5 डॉलरला आणखी घेऊन अ‍ॅव्हरेज करणाऱ्यांना (म्हणजे आपला सरासरी खरेदीभाव खाली आणणाऱ्यांना) वाटत होतं आपण शिस्तीत आहोत.

नुसता पडलेला भाव बघून यातला फरक कळत नाही. म्हणून कुठल्या गोष्टीवर बाहेर पडायचं ते घेतानाच लिहून ठेवायचं, डोकं थंड असताना, आणि स्टॉपलॉस, म्हणजे इतका पडला की विकायचं असा ठरवलेला भाव, जवळ आला की तो खाली सरकवायचा नाही (सगळे सरकवतात).

सारखं अ‍ॅप उघडणं हाही एक रोगच. धरून चला की एखादा कॉइन वर्षाला सरासरी 30 टक्के वाढतो आणि त्याचा वर्षाचा चढउतार (सरासरीच्या वर-खाली साधारण किती हलतो ते) 60 टक्के आहे. वर्षातून एकदा बघितलंत तर हिरवा दिसायची शक्यता साधारण 69 टक्के, महिन्याने बघितलंत तर 56, रोज बघितलंत तर जेमतेम 51. आणि तोटा नफ्याच्या साधारण दुप्पट लागतो असं धरलं तर रोज बघणाऱ्याला शंभर दिवसांत 51 आनंद आणि 49 तोट्यांची 98 दुःखं, असा माणूस कधीतरी वैतागून विकणारच.

शिस्तीचा दुसरा भाग म्हणजे रक्कम. छापा-काट्यासारखे 50-50 चे 200 ट्रेड केलेत तर कुठेतरी सलग सहा तोटे येण्याची शक्यता पाचात जवळपास चार आहे. दर ट्रेडला उरलेल्या भांडवलाचे 2 टक्के पणाला लावले असतील तर सहा तोट्यांनंतर 89 टक्के भांडवल उरतं, 20 टक्के लावले असतील तर 26. लिव्हरेजचं (उसन्या पैशांवर मोठा ट्रेड करण्याचं) तर बोलूच नका, 10 पट घेतलं की 10 टक्क्यांची घसरण म्हणजे खेळ खल्लास, आणि क्रिप्टोत 10 टक्के कधीकधी तुमचं जेवण होईपर्यंत जातात.

ओडीनच्या आकड्यांत अजून एक गोष्ट होती, डिसेंबरमध्ये लोक तोट्यातले शेअर पटापट विकायचे, कारण तो तोटा टॅक्समध्ये वजा व्हायचा. भारतात क्रिप्टोला ती सोय नाही. एका कॉइनमध्ये 50,000 कमावले आणि दुसऱ्यात 50,000 घालवले तरी कमावलेल्यावर 30 टक्के आणि वर सेस, म्हणजे 15,600 भरायचेच. शिवाय जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापला जातो, तो रिटर्नमध्ये मिळतो खरा, पण एक लाख घेऊन 50 वेळा आत-बाहेर केलंत तर भाव जागचा हलला नाही तरी साधारण 39,500 रुपये तोपर्यंत टॅक्स खात्याकडेच अडकलेले असतात.