कमी खायला घातलं म्हणून पॉमेरेनियन लहान राहत नाही

‘पिल्लाला अर्धपोटी ठेवा, म्हणजे ते खेळण्याएवढंच राहील’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे आणि पिल्लाच्या जिवावर बेतू शकतो.

कुत्र्याचा आकार मुख्यतः जनुकांवर ठरतो. उपासमारीने हाडं आणि स्नायू कमकुवत होतात, जात बदलत नाही. आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून विकली जाणारी बरीच पिल्लं इंडियन स्पिट्झ या तशाच दिसणाऱ्या, पण मोठ्या जातीची असतात. ती मोठी होणारच.

खरा धोका रक्तातली साखर कमी होण्याचा. दोन-तीन महिन्यांच्या चिमुकल्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा जेमतेम असतो. काही तास पोट रिकामं राहिलं तरी ती घसरू शकते: पिल्लू थरथरतं, झोकांड्या खातं, मलूल पडतं, कधी झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना ग्लुकोजचं पाणी किंवा मध चोळा आणि तडक पशुवैद्याकडे न्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका.

दिवसातून चार वेळा थोडं थोडं, पिल्लांसाठीचंच खाणं द्या. नुसत्या दूध-पोळीवर भागत नाही. दुधाने अनेकांना जुलाब होतात. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण उठून दिसू नयेत.