एकरात चार गुंठे : नाशिकच्या बागांमागची गोष्ट

नाशिकमध्ये संध्याकाळी पोरांना घेऊन निघालेला माणूस "बागेत जातोय" असं फारसं म्हणत नाही. तो ट्रॅकवर जातो, ओपन स्पेसमध्ये जातो, गोल्फ क्लबवर जातो, नाहीतर सरळ गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी जातो. 'उद्यान' हा शब्द फाटकावरच्या पाटीपुरता. गोल्फ क्लबवर गोल्फ कोणी खेळत नाही. मैदानाचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं आहे. ज्याने १९०९ साली इथल्याच नाट्यगृहात इंग्रज कलेक्टरवर गोळी झाडली, त्याचं नाव पाटीवर आणि साहेबाचा खेळ लोकांच्या तोंडी. पहाटे पाचला तिथं गोल गोल चालणाऱ्यांना दोन्हीचं काही वाटत नाही.

मुघल अमदानीत शहराचं नाव गुलशनाबाद होतं, पुढे पेशव्यांच्या काळात पुन्हा नाशिक झालं. त्या 'गुलशन'वरून आजच्या बागांची वंशावळ काढायचा मोह बऱ्याच लेखांना होतो, पण त्यात फार दम नाही. जुन्या गावठाणात बागेची गरजच वेगळी होती. पोरं वाड्याच्या चौकात खेळायची, बायका आणि म्हातारी माणसं घाटावर बसायची, आणि 'फिरायला' म्हणजे गंगेवर, रामकुंडापासून पलीकडे पंचवटीत. शिवाजी उद्यानासारखी एखाद-दुसरी बाग सोडली तर सार्वजनिक बाग हा प्रकार गावाच्या अंगवळणी पडला नव्हता. बागांचा खरा इतिहास सुरू होतो तो मळ्यांचे प्लॉट पडायला लागल्यावर.

साठच्या दशकात सातपूरला औद्योगिक वसाहत आली, मग अंबडला. कामगारांना घरं हवी होती, शेतकऱ्यांना रोख पैसा. १९८२ मध्ये नाशिक, सातपूर, नाशिकरोड-देवळाली आणि आजूबाजूची दोन डझनांच्या आसपास गावं एकत्र करून महानगरपालिका झाली. नकाशावर शहर एका रात्रीत अडीचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं, पण त्यातलं बहुतेक अजून शेतच होतं. या नव्या हद्दीचा विकास आराखडा मंजूर व्हायला १९९३ उजाडलं, आणि त्याची सुधारित आवृत्ती यायला २०१७. मधल्या वर्षांत शहर वाढलं ते लेआउटच्या, म्हणजे मळ्याचे प्लॉट पाडायच्या नकाशाच्या गतीने. एक मळा, एक लेआउट, एक कॉलनी, आणि प्रत्येक कॉलनीच्या कोपऱ्यात एक ओपन स्पेस.

हा शब्द नीट पाहायला हवा, कारण नाशिकमधले अर्धे वाद त्याच्यापाशी येऊन अडतात.

आराखड्यातलं 'आरक्षण' आणि लेआउटमधली 'ओपन स्पेस' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरक्षण म्हणजे नियोजनकारांनी नकाशावर हिरवा रंग मारून सांगितलेली जागा : इथे पुढे बाग होईल. ती जागा शेतकऱ्याचीच असते, आणि ताब्यात घ्यायची तर पैसे किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, द्यावा लागतो. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर मालक नोटीस देतो. त्या नोटिशीनंतरची मुदत आधी सहा महिने होती, पुढे बारा झाली, २०१५ पासून चोवीस आहे. तेवढ्यात हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप उडतं. कागदावरच्या किती बागा अशा उडाल्या हे ज्याने त्याने आपल्या प्रभागाचा १९९३ चा नकाशा काढून पाहावं. करमणूक होईल, पण आनंद होणार नाही.

ओपन स्पेसला पैसे लागत नाहीत. जमीन ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठी असली, की लेआउट पाडताना १० टक्के जागा मोकळी सोडायची. एकरात चाळीस गुंठे, त्याचे दहा टक्के म्हणजे चार गुंठे. आपल्या 'परिसरातल्या छानशा बागे'चं सगळं गणित या चार गुंठ्यांत आहे. चार गुंठे म्हणजे जेमतेम वीस मीटर बाय वीस मीटर. कडेने ट्रॅक काढला तर एका फेरीचे ऐंशी मीटर, म्हणजे एक किलोमीटर चालायला साडेबारा फेऱ्या. मधे घसरगुंडी, झोपाळा, सी-सॉ. एका बाजूला ती निळी-पिवळी ग्रीन जिमची यंत्रं. उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक, आणि झाड म्हणून भिंतीलगत चार अशोक, तेही सावली न देणारे. बाग लहान का, याचं उत्तर माळ्याकडे किंवा ठेकेदाराकडे नाही. मळे तुकड्या-तुकड्याने विकले गेले, म्हणून मोकळी जागाही तुकड्या-तुकड्यानेच मिळाली. शेजारच्या तीन लेआउटच्या ओपन स्पेस एकमेकांना लागून ठेवल्या असत्या तर बारा गुंठ्यांची खरी बाग झाली असती. पण तीन मालक, तीन आर्किटेक्ट, तीन वेगळी वर्षं. आणि प्रत्येकाने सोडलेली जागा बहुधा तीच, जी प्लॉट म्हणून विकली गेली नसती : नाल्याकाठची, तिरकी, नाहीतर हाय टेन्शन वायरीखालची.

मग ती कोणाची? कॉलनीतले जुने प्लॉटधारक म्हणतात आमची, कारण प्लॉटच्या भावात तिचे पैसे आम्ही भरले. पालिका म्हणते सार्वजनिक, कारण बाकडी, दिवे, माळी आमचा. बऱ्याच ठिकाणी सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव असतं, आणि तिसऱ्या पिढीतल्या वारसाला एके दिवशी ते दिसतं. दिल्लीतल्या अशाच एका प्रकरणात नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितलं ते दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वाचतात : लेआउटमधली मोकळी जागा फुकटात आमच्या मालकीची करून द्या असं पालिका म्हणू शकत नाही, पण मूळ मालकही आता नावापुरताच, तो ती रहिवाशांसाठी सांभाळतो. त्याआधी १९९१ मध्ये बेंगळुरूच्या एका बागेची राखीव जागा खासगी रुग्णालयाला द्यायचा निर्णय त्याच न्यायालयाने रद्दबातल ठरवला होता. म्हणजे कायद्याची दिशा पुरेशी स्पष्ट आहे. घोळ आहे तो खालच्या ओळीत.

खालची ओळ अशी की ओपन स्पेसवर थोडं बांधकाम चालतं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ते एकूण १५ टक्क्यांपर्यंत, आणि तळमजल्यावर १० टक्क्यांच्या आत. व्यायामशाळा, वाचनालय, क्लब हाउस, योगा हॉल असल्या कामांसाठी. आधीच्या नियमांतही अशी फट होतीच. या फटीतून समाजमंदिर आत आलं, सभामंडप आला, अभ्यासिका आली. आधी एक चौथरा, मग पत्रे, मग स्लॅब. सार्वजनिक जागांवर नवी धार्मिक बांधकामं होऊ देऊ नका, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ चा. नाशिकमध्ये त्याची खरी धग लागली ती २०१७ मध्ये, जेव्हा याद्या निघाल्या, जेसीबी आले आणि कॉलन्या रस्त्यावर उतरल्या. अनेकांचं म्हणणं होतं की मंदिर आम्हीच, रहिवाशांनीच, आमच्याच ओपन स्पेसमध्ये बांधलं, मग ते अतिक्रमण कसं? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. फक्त त्या भांडणात झोपाळ्याची बाजू मांडायला कोणी आलं नाही, एवढं नोंदवून ठेवतो. आमच्याच कॉलनीत सभामंडपासाठी सही मागायला आलेले काका म्हणाले होते, "पोरं काय हो, कुठंही खेळतात." मी सही केली. तेव्हा मला मूल नव्हतं.

सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेल्या, आणि त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागाची गोष्ट वेगळी. तिथं स्कीम आखून घरं झाली, त्यामुळे एक सलग मोठी जागा शिल्लक राहिली, सतरा एकरांची. नव्वदच्या दशकात लहान असलेल्या नाशिककराला पेलिकन पार्क माहीत नाही असं होत नाही. पाळणे, पाणी, तिकीट, शाळेच्या सहली. खासगी ठेकेदाराने बांधा-चालवा-परत करा या बोलीवर घेतलेला तो पार्क काही वर्षांत बंद पडला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि सतरा एकर जागा वर्षानुवर्षं गवतात बुडून राहिली. फाटकाबाहेरून गंजलेली खेळणी दिसत. पुढे 'सेंट्रल पार्क' म्हणून तिचा पुन्हा विचार झाला. फाळके स्मारकाचंही थोडंफार असंच. पांडवलेण्यांच्या पायथ्याची ती २९ एकरांची जागा, सुरुवातीला कारंज्यासाठी गर्दी, मग देखभालीचे पैसे कोणी द्यायचे यावरून उतरती कळा, मग पुन्हा खासगीकरणाची चर्चा. मोठी बाग बांधणं नाशिकला जमतं. तिचा दहाव्या वर्षीचा पाण्याचा पंप दुरुस्त करणं जमत नाही.

गोदा पार्कची कल्पना या शतकाच्या सुरुवातीची : आनंदवलीकडून नदीकाठाने सलग चालत यावं. कल्पना देखणी, आणि जागाही फुकटची, कारण तिथं दुसरं काही करताच येत नव्हतं. २००८ च्या सप्टेंबरातल्या महापुरानंतर पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही, बाग चालते. म्हणून नदीकाठी बाग. पण नदीला हे पंचवीस आणि शंभर कोणी समजावलं नव्हतं. २ ऑगस्ट २०१६ ला तिने फरशा, दिवे, रेलिंग उचलून नेलं, ४ ऑगस्ट २०१९ ला पुन्हा आली. वर गंगापूर धरण, तिथून विसर्ग सोडला की खाली रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर शहर पूर मोजतं. तो मारुती छातीपर्यंत बुडाला तर गोदा पार्क आधीच दिसेनासा झालेला असतो. माती आणि गवत ठेवलं असतं तर पूर ओसरल्यावर पुन्हा उगवलं असतं. ग्रॅनाइट उगवत नाही.

पशुपक्षी पाहायचे तर मात्र शहराने कडेला ठेवलेल्या टेकड्यांकडे जावं लागतं. त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेण्यांच्याच डोंगराच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान वनजमिनीवरचं आहे. २०१६ च्या अखेरीस एका उद्योगसमूहाच्या मदतीने त्याचा कायापालट झाला, आणि रात्री झाडांवर रंगीत प्रकाश टाकून ती 'बोलू' लागली. लहान मुलं खूश झाली. त्या झाडांवर रात्री बसणाऱ्या मोरांना काय वाटलं याची विचारणा झाल्याचं ऐकिवात नाही. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून निसर्गप्रेमींनी देशी झाडं लावून देवराई उभी केली आहे. मुलांना काटेसावर, पळस, बेहडा ओळखायला शिकवायचं तर यापेक्षा चांगली जागा नाही. उन्हाळ्यात वणवा ही तिची कायमची धास्ती. म्हसरूळच्या पुढे बोरगड २००८ मध्ये संवर्धन राखीव झाला, राज्यातला पहिला. आणि रविवारी गाडी काढायची तयारी असेल तर निफाडचं नांदूरमधमेश्वर : १९८६ पासून अभयारण्य, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेली राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ. चापडगावच्या मनोऱ्यावरून हिवाळ्यात बदकांचे थवे दिसतात, दुर्बीण भाड्याने मिळते, आणि घसरगुंडी नसूनही पोरं तीन तास रमतात.

वन्यजीव अलीकडे स्वतःहूनही येऊ लागलेत. जानेवारी २०१९ मध्ये सावरकरनगरात, नोव्हेंबर २०२३ मध्ये सिडकोत, नोव्हेंबर २०२५ मध्ये महात्मानगरच्या बाजूला बिबट्या भरवस्तीत आला, कधी माणसंही जखमी झाली. दिंडोरी-निफाडच्या उसात वाढलेला बिबट्या नदी-नाल्यांच्या काठाने आत येतो, म्हणजे ज्या पट्ट्यांत आपण ट्रॅक काढलेत त्याच वाटेने. त्यानंतर काही दिवस पहाटेचे ट्रॅक ओस पडतात, मग पुन्हा भरतात.

राहता राहिलं तपोवन. लहानपणी ज्यांनी तिथं चिंचा पाडल्या त्यांच्यासाठी ते जंगल, चालायला जाणाऱ्यांसाठी सावली, आराखड्यात मात्र साधुग्राम. बारा वर्षांतून एकदा साधूंचे आखाडे तिथं उतरतात आणि मधली अकरा वर्षं जागा मोकळी असते. त्या अकरा वर्षांत झाडं वाढतात. २०१५ च्या सिंहस्थानंतर वाढली ती २०२७ च्या आड आली. अठराशेच्या आसपास झाडांवर नोटिसा लागल्या तेव्हा २०२५ च्या नोव्हेंबरात शहर अनपेक्षितपणे पेटून उठलं. माणसांनी झाडांना मिठ्या मारल्या, प्रकरण न्यायालयात आणि हरित न्यायाधिकरणापुढे गेलं. जुनी मोठी झाडं तोडणार नाही, काढली त्याच्या कितीतरी पट लावू, असं आश्वासन आलं. त्यासाठी दहा-पंधरा फूट वाढलेली तयार झाडं ट्रकमध्ये आडवी घालून आणली गेली, आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रोपवाटिकांतून. राजमहेंद्रीही गोदावरीच्याच काठी, समुद्राच्या बरीच जवळ.